दवंडी आणि फुटलेला बांध

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो. पण मोठ्यांनीही ऐकावी अशी.

एका रुंद नदीच्या काठी एक राजधानी होती. नदीचं पाणी खोल दरीतून वाहायचं, म्हणून शेतं जगायची ती डोंगरावरच्या तलावावर. राजाला नवा महाल हवा होता. त्यासाठी त्याने तलावाच्या बांधाचे घडीव दगड काढून नेले. एका पावसात बांध फुटला, तलाव रिकामा झाला, पिकं करपली. लोक महालाच्या दारात येऊन विचारू लागले, "महाराज, बांध फुटलाच कसा?"

राजा घाबरला. प्रधान मात्र शांत होता.

"महाराज, लोकांना सांगू या, की पैलतीरच्या माणसांनी बांध फोडला."

"लोक मानतील?"

"एकदा सांगितलं तर नाही मानणार. रोज सांगितलं तर मानतील. महिन्याभराने तर आपल्याला सांगावंही लागणार नाही. तेच एकमेकांना सांगतील. आणि ज्याला शत्रूवर नजर ठेवायची असते, तो राजाला प्रश्न विचारत नाही."

दवंडी पिटायचं काम सुभानाचं होतं. बांधाचे दगड गाड्यांत भरताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पण हुकूम तो हुकूम. पहिल्या दिवशी त्याची जीभ अडखळली. दुसऱ्या दिवशी लोक थांबून ऐकू लागले. तिसऱ्या दिवशी बाजारात एवढी गर्दी जमली, की सुभानाला राहवलं नाही. कोणी सांगितलं नव्हतं तरी त्याने पदरचं जोडलं, "बांधापाशी त्यांच्या कुदळी सापडल्या हो!"

गर्दीतून संतापाचा आवाज उठला. सुभानाला तो आवाज गोड वाटला.

महिना झाला. ऐलतीरच्या लोकांनी आपल्या होड्यांचे तळ फोडून टाकले, म्हणजे कोणी जाणार नाही आणि कोणी येणार नाही. घाटावर काठ्या घेऊन पहारे बसले. महालाच्या दारात आता कोणी येत नव्हतं.

अशात एका पहाटे सुभानाच्या बायकोला, तानीला, कळा सुरू झाल्या. सूर्य डोक्यावर आला तरी सुटका होईना. गल्लीतली सुईण घामाघूम होऊन बाहेर आली.

"मूल आडवं आहे, सुभाना. हे माझ्या हातचं नाही. असलं बाळंतपण एकट्या साळूबाईला जमतं."

"कुठे असते ती?"

सुईणीने मान खाली घातली. "पैलतीरी."

सुभाना धावत घाटावर गेला. नाव एकही शिल्लक नव्हती. त्याने गळ्यातली हलगी वाजवली आणि जिवाच्या आकांताने हाक मारली, "साळूबाई! बाई अडलीय! या हो!"

पैलतीरी माणसं गोळा झाली. रोज आपल्यावर बांध फोडल्याचा आळ घेणारी हलगी त्यांनी ओळखली. त्यांच्यात वाद झालेला इथूनही दिसत होता. मग एक म्हातारी सगळ्यांना बाजूला सारून लहानशा होडीत बसली. एका कोळ्याने वल्हं हातात घेतलं.

होडी मध्यावर आली आणि पहारेकऱ्यांनी दगड उचलले.

"थांबा!" सुभाना त्यांच्यापुढे आडवा झाला. "अहो, ती सुईण आहे. त्यांनी काही केलेलं नाही. बांध त्यांनी नाही फोडला. दगड महालाला गेले. मी पाहिलंय. मी खोटं बोललो!"



मग एक जण म्हणाला, "बायकोपायी बोलतोय बिचारा."

"नाही हो, शपथेवर सांगतो!"

"आणि त्या कुदळी?" पहाऱ्याचा म्होरक्या पुढे आला.

"कुदळी नव्हत्याच. त्या मी मनाने जोडल्या."

म्होरक्याचे डोळे लाल झाले. "नव्हत्या? अरे, माझ्या सख्ख्या भावाने पाहिल्यात त्या कुदळी! त्यांनी फितवलंय याला. मारा!"

दगड सुटले. कोळ्याने होडी मागे वळवली. सुभानाने पाण्यात उडी घेतली, होडीपर्यंत पोहत गेला आणि तिच्या आडोशाने ओरडला, "खालच्या अंगाला चला, बाभळीच्या रानाकडे!" दगड त्याच्या पाठीवर पडत होते. एक साळूबाईच्या कपाळाला लागला. तिने पदर दाबून धरला, पण कोळ्याला परत फिर म्हणाली नाही.

वळसा घालून, रानातून लपत घरी पोहोचेपर्यंत उन्हं कलली होती. साळूबाईने हात धुतले आणि ती आत गेली. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"तुझी बायको वाचली," ती म्हणाली. "मूल गेलं. घटकाभर आधी आले असते, तर दोघं वाचली असती."

सुभाना भिंतीला टेकून खाली बसला. साळूबाईने त्याला एकही कठोर शब्द ऐकवला नाही. तेच त्याला सोसवेना.

त्या दिवसापासून त्याने राजाची चाकरी सोडली. तो दारोदार जाऊन खरं सांगू लागला. कोणी हसलं, कोणी कुत्रं अंगावर सोडलं. प्रधानाने दुसरा दवंडीवाला नेमला. त्याचा आवाज सुभानापेक्षा मोठा होता.

शेवटी एका विधवा शेतकरणीने विचारलं, "खरं असेल, तर दाखव." सुभाना तिला बांधावर घेऊन गेला. तिथून महालाकडे गेलेल्या गाड्यांची खोल चाकोरी तिने हाताने चाचपून पाहिली आणि ती घरी परतली. दुसऱ्या दिवशी तिने जावेला आणलं. अशी एकेक माणसं येत गेली.

पण तोवर पुढचा पावसाळा येऊन गेला होता. सगळे घाटावर पहारा देत होते. बांध बांधायला कोणीच नव्हतं. पाणी पुन्हा वाहून गेलं आणि अर्धी राजधानी गाव सोडून निघून गेली. जाताना त्यातले बहुतेक जण पैलतीरच्यांनाच शिव्या देत होते. ते खोटं पसरायला एक महिना लागला होता. ते पुसायला सुभानाचं उरलेलं आयुष्यही पुरलं नाही.

बोध: कोणी रोज ओरडून शत्रू दाखवू लागला, तर आपण कोणता प्रश्न विचारायचा विसरलो, ते आधी आठवावं.