फणसाच्या झाडाचा निकाल

घाटातल्या एका दाट रानात दोन शेकरू भाऊ राहत होते. मुलांनो, शेकरू म्हणजे झुपकेदार शेपटीची मोठी खार. ती फांद्यांवरून लांब उड्या मारते, पण जमिनीवर तिला नीट पळता येत नाही. या भावांच्या दोन झाडांमध्ये आईचा फणस होता. आई गेल्यावर तो कोणाचा, यावरून वाद लागला. थोरला म्हणे, मी आधी जन्मलो. धाकटा म्हणे, शेवटपर्यंत आईजवळ मी होतो.

त्या रानात एक धनेश पक्षी लवादाचे काम करी. दोन्ही पक्षांनी मिळून बोलावले की तो भांडणाच्या झाडावरच येऊन बसे, दोघांचे ऐकून घेई आणि निवाडा देई. तो निवाडा पाळायचा, हे आधीच कबूल करावे लागे. मोबदला म्हणून चार उंबरे द्यायची. थोरल्याने त्याला बोलवायचे सुचवले, तेव्हा धाकटा उसळला. धनेश रोज तुझ्याच झाडावर विसावतो, तो तुझीच बाजू घेणार, असे त्याने ऐकवले.

"मग तू निवड," थोरला म्हणाला. "कावळा म्हणालास तरी चालेल मला."

"मला कोणी नको. वाघोबांच्या दरबारात, चारचौघांत तुझं तोंड बंद झालेलं बघायचंय."

दरबार रानाबाहेर, उघड्या माळावर भरे. वाटेत एकही झाड नव्हते. पहिल्या तारखेला वाघ झोपला होता. दुसऱ्या तारखेला गव्यांचेच भांडण लांबले. दोन्ही वेळा भाऊ गवत तुडवत, एकमेकांशी न बोलता परतले. तिसऱ्या तारखेला थोरला लंगडत होता. "जरा हळू चाल रे," तो म्हणाला, "या माळावर रानकुत्री फिरतात." हा मुद्दाम उशीर करतोय, असे धाकट्याला वाटले आणि तो पुढे निघून गेला. मागे गवत जोरात सळसळले. त्याने वळून पाहिले नाही.

दरबारात थोरल्याला तीनदा पुकारले. कोणी आले नाही. वाघ म्हणाला, "दुसरा पक्ष गैरहजर. फणस धाकट्याचा."

परतताना धाकट्याला गवतात भावाच्या शेपटीचे केस तेवढे सापडले.

त्या वर्षी झाड बुंध्यापासून लगडले. फणस पिकले, खाली पडून सडले. धाकट्याने एकालाही तोंड लावले नाही. शेवटी तो धनेशाकडे गेला. "काका, आता तुम्ही या. तुम्ही सांगाल ते मला कबूल. सगळं झाड दादाला द्या म्हणालात, तरी कबूल."

धनेश हळूच म्हणाला, "बाळा, मला दोघांनी मिळून बोलवावं लागतं."

तात्पर्य : वाद मिटवणारा मध्यस्थ दोघांनी मिळून, वेळ असतानाच बोलवावा, समोरच्याला हरवण्याच्या हट्टाने मिळवलेला निकाल शेवटी एकट्यालाच ऐकावा लागतो.