अग्निविवरात जायचा अंगरखा

एका राज्यात एक अग्निविवर होतं. तळाशी राज्याचा अग्निकुंभ, नि कुंभावर मांत्रिकाचा शाप. कुंभ वर येत नाही, तोवर कुणाच्या घरी चूल पेटेना. लेकरं भिजवलेल्या डाळीवर दिवस काढीत. तीन वीर चिलखतं घालून उतरले, तिघेही आत दगड झाले. चौथी पाळी बहिरू खाणकऱ्याची आली. त्याची बायको येसाई सोमवार धरणारी. तिनं देवापुढे हात जोडले, पदर खोचला नि विवरापाशी गेली.

तिथे राजानं लोखंडी पट्ट्या शिवून केलेला नवा अंगरखा आणवला होता. विवरातून येणाऱ्या ज्वाळेत धरला, तापला नाही. नागाचं विष ओतलं, झिरपलं नाही. भाला मारला, भालाच वाकला.

"झाली परीक्षा!" प्रधान म्हणाले.

"अंगरख्याची झाली, महाराज," येसाई म्हणाली. "आत माणूस घालून बघू द्या."

बहिरूनं तो चढवला. येसाईनं पाट मांडला. "बसा." बसता येईना. "वाकून रांगोळीची रेघ ओढा." वाकता येईना. "फळीवरचा डबा काढा." हात खांद्याच्या वर जाईना.

"अगं, मी विवरात चाललोय की स्वयंपाकघरात?"

"वाकावं दोन्हीकडे लागतं."

तेव्हा उंबरावरचा शिंपी पक्षी बोलला, "बाई, तळाचं दार गुडघ्याएवढं आहे. वीर जळले नाहीत, वाकता येईना म्हणून दारापाशी अडकले. तिथे जो अडकतो, तो दगड होतो."

"आधी का नाही सांगितलंस?" राजानं विचारलं.

"आधी कुणी विचारलं, महाराज?"

येसाईनं अंगरखा उसवला. पहिल्या दिवशी काखा सैल केल्या. हात उचलता आला, पण ज्वाळेत धरून बघताना ज्वाळ आत शिरली नि तिचंच मनगट पोळलं. दुसऱ्या दिवशी फटी बुजवल्या. ज्वाळ थांबली, पण अंगरखा पुन्हा ताठ झाला. तिला रडू आलं. मग पक्ष्यानं आपल्या घरट्याचा धागा दिला. तो ओढला की लांबे, सोडला की आखडे. तिनं त्यानंच सगळे सांधे शिवले. तिसऱ्या दिवशी बहिरू त्या अंगरख्यात मांडी घालून बसला, वाकला, हात उंचावले. ज्वाळ बाहेरच राहिली.

मग तो उतरला. येसाई काठावर देवाचं नाव जपत राहिली. बहिरू दारातून रांगत आत गेला, दोन्ही हातांनी कुंभ डोक्यावर घेतला. शाप तुटला, ज्वाळा निवल्या, दगडांना श्वास आला. पण चिलखतं काही वाकेनात. बहिरूनं त्यांचे बंद सोडले, तेव्हा कुठे तिघे वीर लंगोटीवर वर आले. येसाईनं मान फिरवली, राजा हसू दाबत राहिला. कुंभ वर आला, घरोघरी धूर निघाला, लेकरांना ऊन भात मिळाला.

येसाईचा धनी जसा धडधाकट परतला, तसे कामाला गेलेले सगळ्यांचे परतोत.