जांभळं विमान

एकदा एक गृहस्थ आमच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन आसनांचं विमान बांधायला शिकत होता. शिकवणारे एक वृद्ध कारागीर. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. पंख हलके होते: आत फोमचा गाभा, वर राळेने चिकटवलेलं काचतंतूंचं कापड. काम अर्ध्यावर असताना त्याची बायको केतकी वारली. चार वर्षांनी रंगाची वेळ आली, तेव्हा शिष्य गडद जांभळ्या रंगाचा डबा घेऊन आला.

"केतकीने निवडलेला रंग आहे, अण्णा. दुसऱ्या रंगात मी उडणार नाही."

 अण्णांनी पंखाचे उरलेले दोन तुकडे घेतले. एक पांढरा रंगवला, एक जांभळा. वाळल्यावर वैशाखातल्या भर उन्हात दोन्ही तुकडे फक्त टोकांना विटांवर आडवे टेकवले आणि प्रत्येकाच्या मधोमध सारख्या वजनाचा दगड ठेवला.

मी कुंपणावरून विचारलंच, "अण्णा, पापड घातलेत का वाळत?"

"हो ताई. तुमचं लक्ष असतंच, तेव्हा राखणही करा!"

केली राखण. दुपारी दोनला जांभळा तुकडा मधोमध वाकला. पांढरा होता तसाच. संध्याकाळी दगड उचलले, तुकडे गार झाले, तरी जांभळ्याचा बाक गेला नाही.

शिष्य त्या बाकावरून हात फिरवत राहिला. "म्हणजे तिला खालीच ठेवून जायचं?"

अण्णा शेजारी बसले. "अरे, पांढरा रंग ऊन परतवतो, गडद रंग ते जवळ करतो. आणि आतला फोम उष्णतेला वाट देत नाही. सगळा ताप वरच्या कातडीत साचतो, राळ मऊ होते. भार मात्र तेवढाच असतो. दोन वर्षं तुझंही हेच पाहतोय. तिची आठवण अंगभर लावून उन्हात उभा आहेस. ती पुसू नकोस. जिथे ऊन पोचत नाही तिथे लाव."

शिष्य उठून विमानात डोकावला. मग म्हणाला, "तिच्या आसनाच्या बाजूला, आतून?"

"तिथे रंगाचे दोन हात दे. चांगला बसेल."

पुढच्या महिन्यात विमान उडालं. वर गेल्यावर शेजारच्या रिकाम्या आसनाकडे त्याने किती वेळा पाहिलं असेल, कोण जाणे. खाली उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना दिसलं ते एक पांढरंशुभ्र विमान.