दिवा विझला, पिल्लू निघालं

एक होता ओढा. ओढ्याकाठी होतं वीजघर. इवलंसं, दगडी, जुनं. ओढ्याचं पाणी पाटातून यायचं, चाक फिरवायचं आणि परत ओढ्यात पळायचं. चाक फिरलं की वीज. वीज आली की दिवा.

दिव्याखाली होती टोपली. टोपलीत कोंबडीचं पिल्लू. पिवळं, लिंबाएवढं. आई नव्हती त्याला. दिव्याची ऊब, तीच त्याची आई.

एका सकाळी दिवा विझला. फट्ट.

पिल्लाला भरली हुडहुडी. कुडकुड कुडकुड.

पण ते रडत बसलं नाही. रडून काय ऊब येते?

"दिवादादा, दिवादादा, पेट ना.
मला ऊब मिळेना."

दिवा म्हणाला, "तार वीज देईना. मी नाही पेटणार. जा तारेकडे."

पिल्लू गेलं तुरुतुरु.

"तारताई, तारताई, वीज दे ना.
दिवा पेटेना,
मला ऊब मिळेना."

तार म्हणाली, "चाक फिरेना. मी कुठून देऊ? जा चाकाकडे."

पिल्लू गेलं तुरुतुरु.

"चाकमामा, चाकमामा, फिरा ना.
तार वीज देईना,
दिवा पेटेना,
मला ऊब मिळेना."

चाक म्हणालं, "पाणी येईना. मी काय वाऱ्यावर फिरू? जा पाण्याकडे."

पिल्लू गेलं तुरुतुरु.

"पाणीआबा, पाणीआबा, या ना.
चाक फिरेना,
तार वीज देईना,
दिवा पेटेना,
मला ऊब मिळेना."

पाणी पाटात जाळीमागे तुंबलेलं. म्हणालं, "जाळी सोडेना. मी काय उडी मारू? जा जाळीकडे."

पिल्लू गेलं तुरुतुरु.

"जाळीमावशी, जाळीमावशी, सोड ना.
पाणी येईना,
चाक फिरेना,
तार वीज देईना,
दिवा पेटेना,
मला ऊब मिळेना."

जाळीचं तोंड पाल्याने गच्च. कशीबशी बोलली, "आधी पाला काढायला हवा. जा सुंदराकाकूकडे."

पिल्लू गेलं तुरुतुरु.

सुंदराकाकू अंगणात भांडी घासत होती. घसर घसर.

"काकू, काकू, पाला काढा ना.
जाळी सोडेना,
पाणी येईना,
चाक फिरेना,
तार वीज देईना,
दिवा पेटेना,
मला ऊब मिळेना."

काकू म्हणाली, "पाला काढायचा माझा वार काल झाला. आमच्या गावाचा नेम आहे. पाला ओढायचं दाताळं ज्याच्या अंगणात, पाला त्याने काढायचा. दाताळं ठेवलं मी शेजारी."

"पण शेजारी कुलूप आहे."

"मग कुलपाला सांग."

आणि काकू परत घसर घसर.

पिल्लाने पाहिलं. शेजारच्या भिंतीला दाताळं टेकलेलं. उंच दांड्याचं, लाकडी दातांचं. तिथून काकूचं अंगण वीतभर लांब.

पिल्लाने दांड्याला दिला धक्का. दाताळं हललं नाही.

दिला आणखी एक धक्का. दाताळं जरासं हललं.

मग पिल्लू मागे गेलं. तुरुतुरु धावत आलं. छाती पुढे, चोच पुढे, आणि धाडकन आपटलं.

दाताळं घसरलं. सर्रर्र. पडलं ते काकूच्या अंगणात, थेट भांड्यांत. खण्ण खण्ण खणाखण.

पिल्लू दाताळ्यावर चढून बसलं. कुडकुडत होतं, पण हललं नाही.

"काकू, आता दाताळं कोणाच्या अंगणात?"

काकूने दाताळ्याकडे पाहिलं. पिल्लाकडे पाहिलं.

"माझ्याच की रे, लबाडा," ती म्हणाली आणि हसली. हात धुतले. पदर खोचला. पिल्लाला उचलून खांद्यावर घेतलं, दाताळं हातात घेतलं आणि निघाली तरातरा.

काकूने पाला ओढला, खरर खरर.
जाळीने पाणी सोडलं, खळखळ खळखळ.
पाण्याने चाक फिरवलं, घरर घरर.
चाकाने तारेला वीज दिली, झूंऽऽ.
तारेने दिव्याला दिली, आणि दिवा पेटला. लख्ख.

काकूने पिल्लाला टोपलीत ठेवलं.

"काय रे, आली का ऊब?"

"चिव," पिल्लू म्हणालं. पंख पसरले, पिसं फुलवली, आणि लिंबाएवढं पिल्लू दिसायला लागलं मोसंब्याएवढं.

ओढा वाहतोय, दिवा जळतोय, पिल्लू निजलंय. आता तुम्ही पांघरूण घ्या.