सफेद्याचा तिसरा हात

“मास्तर, अजून किती दिवस नुसती कापडंच घासायची?”

यशवंत मगदूमने काचकागद जमिनीवर आपटला. मुंबईच्या कलाशाळेचं पदक मिळवून तो कोल्हापुरात हेरवाडकर मास्तरांकडे तैलचित्रं शिकायला आला होता. पदकवाल्यांच्या नाकावर राग असतोच. त्यात आठ महिने झाले तरी मास्तर त्याला रंगाला हात लावू देत नव्हते. चौकटीवर कापड ताणायचं, त्याला सरसाचे दोन हात द्यायचे, मग जवसाच्या तेलात घोटलेल्या सफेद्याचे तीन. प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासायचा, मगच पुढचा.

मास्तर कुंचले पुसत होते.

“हे गड्याचं काम आहे! काल शेटे वकिलांच्या वारलेल्या आईचं चित्र गेलं. खालचा पाया माझा, वर सही तुमची. माझं नाव कुणी घेतलं?”

“कुणी नाही.”

“माझी आई जाऊन वर्ष झालं. घरात तिचा एक फोटो नाही. चेहरा विसरायच्या आत मला ती काढायचीय... आणि तुम्ही मला इथं भिंती सारवल्यासारखं बसवलंय!”

त्याचा राग खोटा नव्हता, हे कबूल करायला हवं.

मास्तर उठले. आपली रंगपाटी त्यांनी त्याच्या हातात दिली आणि भिंतीकडे बोट केलं. तिथं यशवंतने तयार केलेले अकरा कॅनव्हास टेकवून ठेवले होते.

“काढ की आत्ता. तुझ्या नातवानंही बघितली पाहिजे अशी काढ. हवा तो घे.”

यशवंतने पहिला उचलला. उजेडात धरला. परत ठेवला.

“का रे?”

“याला... सरसाचा एकच हात दिलाय. तेल कापडात उतरेल. कुजेल ते.”

त्याने दुसरा उचलला.

“हवा दमट होती. सफेदा ओला असतानाच वर तिसरा हात मारला... तडकेल.”

तिसऱ्याला त्याने नुसतं बोट लावलं. चौथ्याकडे बघितलंही नाही.

उरलेल्या सातांवरून त्याने नुसती नजर फिरवली.

“यातल्या एकावरही आई नको काढायला,” तो पुटपुटला.

इतका वेळ शांत असलेल्या मास्तरांचा आवाज एकदम चढला.

“मग वकिलांची आई कशावर काढली रे मी?”