कारवीची परी आणि शेवंताची अक्षरं

डोंगराच्या कुशीत, जिथे ढग थेट अंगणात उतरतात, अशा एका वाडीत शेवंता राहत होती. चौदा वर्षांची, नववीत शिकणारी. वडील ती लहान असतानाच गेले. आई पळसाच्या पत्रावळी लावायची, शेवंता रानातून पानं आणायची, आणि सहा वर्षांची धाकटी मैनी दारात बसून तिची वाट पाहायची. कधी नाचणीची भाकरी मिळे, कधी नुसती पेज.

पण शेवंताला वाचायचं वेड होतं. शाळेच्या कपाटाला वाळवी लागली, तेव्हा तिच्या तावडीतून पाचच पुस्तकं वाचली होती; आणि ती पाचही शेवंताने पन्नासदा वाचली होती. सगळी साहसांची! तराफ्यावरून सात बेटं हिंडणारी कोळ्याची पोर, बर्फात वाट चुकलेले दोघे भाऊ... पान उघडलं की तिची झोपडी गलबत व्हायची आणि पेजेला समुद्राचा वास यायचा.

त्या वर्षी श्रावणात मैनीला ताप आला. तालुक्याच्या डॉक्टरांचं औषध झालं, वैदूचा काढा झाला, पण ताप उतरेना. नवव्या दिवशी तिने डोळेही उघडले नाहीत. आई नुसती तिचे तळवे चोळत राहिली.

शेवंता गुळवेल शोधायला डोंगर चढली. सात वर्षांनी कारवी फुलली होती. सगळा उतार निळा-जांभळा, जणू आभाळच रानात निजायला आलं होतं. एवढ्या घाईतही शेवंता फुलं तुडवत गेली नाही, लांबच्या वाटेने वळसा घालून गेली.

"थांब, पोरी," कुणीतरी हळूच म्हणालं.

एका इवल्याशा फुलात बोटाएवढी परी उभी होती. दवाचे पंख, जांभळी झुळझुळीत ओढणी, आणि डोळे दोन चांदणकणांसारखे.

"कारवी फुलते तेवढेच दिवस मी जागी असते," ती म्हणाली. "तू माझं घर तुडवलं नाहीस. माग एक वर. पण नीट ऐक. स्वतःसाठी मागशील तर फुकट मिळेल. दुसऱ्यासाठी मागशील तर तुझं सर्वांत लाडकं असेल ते मी घेईन."

"माझी मैनी बरी होऊ दे," शेवंता म्हणाली.

"तुझी अक्षरं जातील, बाळ. एक ओळसुद्धा वाचता येणार नाही."

तराफा, बेटं, बर्फातले भाऊ, सगळे शेवंताच्या डोळ्यांपुढून गेले. तिने आपल्या ओढणीच्या टोकाने डोळे पुसले.

"घ्या," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा मैनी उठून पेज मागत होती. आईने दोघींना एकदम छातीशी धरलं. आणि शेवंताने पुस्तक उघडलं तर पानावर काळ्या मुंग्यांच्या रांगा! एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. ती पुस्तकावर गाल टेकून कितीतरी वेळ बसली. आईला ती एवढंच म्हणाली, "डोळे दुखतायत."

दुसऱ्या दिवशी शाळेत ती दळवी बाईंपुढे उभी राहिली. "बाई, मला वाचता येत नाही. मी पहिलीत बसू?"

बाईंना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता म्हणाल्या, "बस."

चौदा वर्षांची शेवंता चिमुकल्यांच्या रांगेत बसली. नववीची मुलं खिडकीतून हसली. ती मान खाली घालून गिरवत राहिली. कमळाचा क, खटाऱ्याचा ख. शेजारच्या गण्याला ळ जमेना, तर ती त्याचा हात धरून गिरवायची. कुणी रडलं की डोळे पुसायची. भाद्रपद गेला, आश्विन सरत आला. एके दुपारी पाटीवरच्या चार शब्दांवरून तिचं बोट सरकलं आणि ओठ हलले: "नदी समुद्राकडे जात राहिली." ती स्वतःशीच हसली, आणि मग रडली.

शाळा सुटल्यावर ती एकटीच डोंगरावर गेली. कारवी सुकली होती. एकच फूल उरलं होतं, आणि त्यात परी.

"मी घेतलं ते परत देऊ?" परीने विचारलं. "आता कसलीच अट नाही."

शेवंताने मान हलवली. "नको. ही नवी अक्षरं मी घाम गाळून मिळवलीत. द्यायचंच तर आमच्या पहिलीतल्या पोरांना पुस्तकं द्या. त्यांच्यासाठी कपाटात काहीच नाही."

"दर सात वर्षांनी जागी होते, पण असं मागणारं कुणी भेटलं नव्हतं," परी म्हणाली. "जा, शेवंते. तुला पुस्तकांची वाण कधी पडणार नाही."

शेवटचं फूल गळलं. त्यातून निळा-सोनेरी उजेड उसळला, उतारावरून वाहत वाडीत गेला आणि परी त्यात विरून गेली.

शेवंता धावत खाली आली. शाळेपुढच्या उंबराच्या फांद्याफांद्यांवर पुस्तकं लगडली होती. लाल, हिरवी, मोरपंखी पुठ्ठ्यांची, वाऱ्यावर पानं फडफडवणारी. आरडाओरडा ऐकून सगळी पोरं जमली. मैनी सर्वांच्या पुढे होती.

शेवंताने हाताला लागलं ते एक तोडलं. कधीच न पाहिलेलं पुस्तक होतं. ती मुळांवर बसली, पोरं तिला चिकटून बसली. पहिल्या ओळीवर बोट ठेवून, अडखळत, एकेक शब्द जोडत ती वाचू लागली, आणि पुढे काय होणार हे तिलाही ठाऊक नव्हतं.