नवाचा आकडा

"मग सही का नाही, मास्तोरा?"

लेफ्तेरीसने वही म्हाताऱ्यापुढे सरकवली. सहा महिन्यांची वही. कुठे खाडाखोड नाही, एक रकाना रिकामा नाही.

क्लेआन्थीसने चष्मा पुसला, पानं चाळली, वही मिटून परत सरकवली.

"अक्षर छान आहे तुझं."

"अक्षराचं नाही विचारत मी."

भूमध्य समुद्रातल्या त्या बेटावर, बंदराला लागून हवामान खात्याची एक छोटी वेधशाळा होती. दोन खोल्या आणि अंगण. अंगणात झडपांची पांढरी पेटी, पेटीत तापमापक. क्लेआन्थीसने तिथे अडतीस वर्षं आकाश पाहिलं होतं. बेटावर कसबी माणसाला 'मास्तोरा' अशी हाक मारतात. आपल्या 'मास्तर'च्या अगदी शेजारचा शब्द.

शनिवारी मास्तर निवृत्त होणार होता. त्याने सही केली तर वेधशाळा लेफ्तेरीसच्या हाती येणार होती. नाही केली, तर लेफ्तेरीस राजधानीतल्या कचेरीत, संगणकापुढे परत. तो परदेशातून मोठी पदवी घेऊन आला होता. पण लहानाचा मोठा याच बंदरात झाला होता, आणि त्याला हवं होतं ते हे अंगण.

"एक चूक दाखवा," तो म्हणाला. "एकच."

"चूक नाही."

"मग?"

"नऊ नाही."

वेधशाळेत आकाशाचे आठ भाग धरतात. निरीक्षकाने अंगणात उभं राहायचं, स्वतःभोवती एकदा फिरायचं आणि ढगांनी किती भाग झाकलेत तो आकडा लिहायचा. ढगच नसला तर शून्य. सगळं भरून आलं तर आठ. आणि धुक्यामुळे किंवा धुळीमुळे आकाश दिसतच नसेल, तर नऊ.

लेफ्तेरीस हसला.

"नऊ कशाला? फेब्रुवारीत वाळवंटातली धूळ आली, तेव्हा मी उपग्रहाचं चित्र पाहून लिहिलं. पंधरा दिवसांपूर्वी धुकं होतं, तेव्हाही. आपल्याला नसेल दिसत, उपग्रहाला दिसतं. ज्याला माहिती काढता येत नाही त्याने लिहावं नऊ."

म्हाताऱ्याने मान डोलावली, जणू कुणी त्याला कॉफीचं विचारलं होतं.

"आज सकाळी काय लिहिलंस?"

"शून्य. धुकं जमिनीलगत आहे. त्याच्या वर एकही ढग नाही."

"चल, बघू या."

दोघं अंगणात आले. धुकं इतकं दाट होतं की वीस पावलांवरची पेटी दिसेना. बंदरातून होड्यांचे दोर करकरताना ऐकू येत होते. होड्या मात्र नव्हत्या.

"इथेच थांब," म्हणून म्हातारा पेटीच्या दिशेने चालू लागला. दहाव्या पावलाला तो नाहीसा झाला.

"लेफ्तेरी!"

"हो!"

"मी हसतोय का रडतोय?"

लेफ्तेरीसने डोळे बारीक केले.

"अरे, सांग की."

"हसताय."

"दिसतंय तुला?"

"दिसत नाही. पण तुम्ही नेहमी हसता."

आत फोन वाजला.

लेफ्तेरीस दाराजवळ होता. त्याने उचलला. पलीकडे मारूल्लामावशी होती, हांबीस कोळ्याची बायको.

"म्हाताऱ्याला दे."

"मावशी, मीच सांगतो ना..."

"तू नको. मागच्या धुक्यात तूच सांगितलंस, दहापर्यंत विरेल. माझा नवरा दुपारी तीनला घरी आला, घसा बसून. मोठाली जहाजं अंगावरून जात होती आणि हा बापडा पातेलं बडवत, ओरडत बसला होता. अजून कुजबुजतच बोलतो. घरात शांतता आहे तेवढी."

लेफ्तेरीसचे कान तापले.

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुला कोण सांगणार बाबा? तू एवढा शिकलेला."

म्हातारा आत आला होता. त्याच्या भुवयांवर दव होतं. लेफ्तेरीसने फोन त्याच्यापुढे धरला.

म्हाताऱ्याने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"ऐकतोयस का?" मावशी म्हणत होती. "तो दोर हातात घेऊन उभा आहे. सोडू दे का नको, एवढंच सांग."

समोर संगणकाच्या पडद्यावर आकडा होता. धुकं विरण्याची वेळ, दहा वाजून दहा मिनिटं. मागच्या वेळीही असाच नीटनेटका आकडा होता.

लेफ्तेरीसने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि तो बाहेर गेला. अंगणाच्या मध्यावर उभा राहिला, मान वर केली, स्वतःभोवती एकदा फिरला. सावकाश, पूर्ण एक फेरी. मग आत आला.

"मावशी... मला दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"आकाश. आणि कधी दिसेल तेही मला सांगता येत नाही. दिसलं की मीच फोन करीन तुला."

मावशी रिसीव्हरवर हात ठेवून ओरडली, तरी इकडे स्पष्ट ऐकू आलं.

"हांबी! बांध तो दोर! आज त्यालाही दिसत नाही म्हणतोय!"

आणि मग अगदी हळू, "सकाळपासून काही खाल्लंस का रे पोरा?"

"खाईन मावशी."

त्याने फोन ठेवला. वही उघडली. वेधशाळेच्या वहीत रबर चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची आणि वर बरोबर आकडा लिहायचा. त्याने शून्यावर रेघ मारली. सहा महिन्यांतली पहिली. वर नऊ लिहिला. तो थोडा वाकडा आला.

म्हाताऱ्याने खिशातून हात काढले. खुर्ची ओढली, पेन घेतलं आणि पानाच्या तळाशी पूर्ण नाव लिहून सही केली, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर गिरवत.

पावणेएकला धुकं विरलं. लेफ्तेरीसने आधी मावशीला फोन केला, मग पाव आणि ऑलिव्ह खाल्ले, मग अंगणात आला.

आकाश स्वच्छ होतं. खाली बंदरात हांबीसच्या होडीचा दोर अजून खुंट्यालाच होता. क्लेआन्थीस पांढऱ्या पेटीपाशी, त्याच्याकडे पाठ करून उभा होता. दर वसंतात पेटी तोच रंगवायचा. तो बोटाने एकेक झडप चाचपून पाहत होता, वरून खाली.

लेफ्तेरीस चार पावलांवर थांबला.

"मास्तोरा... मघाशी धुक्यात, तुम्ही खरंच हसत होता ना?"

म्हातारा वळला नाही. शेवटच्या झडपेवर त्याचं बोट थांबलं.

"तिथे नऊ लिही."